सत्तावीसपैकी पंचवीस

मोबाइलवरच्या एका प्रश्नावलीने आमच्या भाऊंना 'अतिसंवेदनशील' ठरवलं, तेव्हापासून यवतमाळच्या दत्त चौकात त्यांच्या पाठीवर थाप मारायची सोय उरलेली नाही. "हळू बावा," ते म्हणतात, "आपला टाइप येगळा हाय."

भाऊ म्हणजे एक माणूस नव्हे, कपाशीसारखं वाण आहे. जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांत, प्रत्येक स्टाफरूममध्ये, प्रत्येक कार्यालयात याचं एक तरी झाड उभं असतं. लग्नपत्रिकेत नाव दोन ओळी खाली गेलं की ते सुकतं. जिलेबीचा दुसरा फेरा पंगतीत आपल्याला टाळून पुढे गेला, तर लग्न मोडावं इतकं ते दुखावतं. मग 'मी काही बोलतच नाही' हे तासभर बोलतं.

जानेवारी 2019 मध्ये 92वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळला भरलं. उद्घाटक म्हणून बोलावलेल्या लेखिका नयनतारा सहगल यांचं निमंत्रण रद्द झाल्यावरून आधी रान पेटलं. मग उद्घाटन केलं ते शेतकरी आत्महत्येत नवरा गमावलेल्या वैशाली येडे यांनी. त्या बोलल्या तेव्हा भाऊ रडले, खरंच रडले. रुमाल पिळून झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "मायी बी एक कविता हाय. याच्याहून दर्दी."

ती प्रश्नावली मुळात इलेन एरॉन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंची. त्यांचं पुस्तक 1996 सालचं. शंभरातली पंधरा-वीस माणसं आवाज, उजेड, वास, दुसऱ्याचा मूड इतरांपेक्षा जास्त टिपतात. हा आजार नाही, स्वभाव आहे, असं त्यांचं म्हणणं. प्रश्न 27, चौदापेक्षा जास्त 'हो' आले की तुम्ही त्यातले. यात हसण्यासारखं काही नाही. तशी माणसं मी पाहिली आहेत. ती सहसा सांगत फिरत नाहीत. हसू येतं ते भाऊंच्या 'हो'चं.

मोठ्या आवाजाचा त्रास होतो का? हो. (नवरात्रात मंडळाच्या डीजेपुढे भाऊच नाचतात. त्रास होतो तो शेजारच्या पोराच्या पाढ्यांचा.) चहा-कॉफीचा परिणाम लवकर होतो का? हो, एक कप चुकला की डोकं दुखतं. दुसऱ्यांच्या मूडचा परिणाम होतो का? शंभर टक्के, वहिनी रागात असल्या की जेवणाला उशीर होतो.

मी त्यांना बर्ट्रम फोररची गोष्ट सांगून पाहिली. 1948 साली या प्राध्यापकाने 39 विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुमचा खास निकाल' म्हणून कागद दिला. सगळ्यांचा मजकूर एकच, तोही बराचसा रस्त्यावरच्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. अचूकपणाला पोरांनी पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले! आपल्याकडे हेच काम कुडमुडे जोशी पसाभर ज्वारीवर करत आले: मनाचा साफ आहेस, लोकांचं भलं करतोस, पण हाताला यश नाही. ऐकून कोण म्हणेल, की हा मी नव्हे? भाऊ मात्र मधेच थबकले. "मनाचा साफ, यश नायी... हे त्याले कसं ठाऊक?"

मे महिन्यातल्या दुपारी त्यांच्याकडे गेलो होतो. यवतमाळचा मे काय असतो ते लिहून कळायचं नाही. खिडकीतून उन्हाचा पट्टा थेट माझ्या तोंडावर येत होता. भाऊ निकालाचा स्क्रीनशॉट मोठा करून दाखवत होते. वहिनी स्वयंपाकघरातून आल्या, पडदा सारला, माझी खुर्ची हातभर सरकवली, कूलरचं तोंड माझ्याकडे फिरवलं आणि आत गेल्या. हे सगळं भाऊंच्या एका वाक्यात झालं, आणि ते वाक्य 'मले सगळं जानवते' असं होतं.

"पंचवीस 'हो' ठीक," मी म्हटलं. "दोन 'नाही' कुठले?"

एक, हाणामारीचे सिनेमे टाळता का? साउथचे डब सिनेमे सोडायची भाऊंची तयारी नव्हती.

"अन् दुसरा?"

त्यांनी चष्मा लावून वाचलं. एखाद्या ठिकाणी लोकांना अवघडल्यासारखं होत असेल, तर उजेड, बसायची जागा असं काय बदललं म्हणजे बरं वाटेल, हे तुम्हाला कळतं का?

"याच्यात आपल्याले काहून पडाचं?" भाऊ म्हणाले. "थे हिचं डिपार्टमेंट हाय."

"वहिनींनी सोडवली का ही चाचणी?"

"मले कुठी येळ हाय बाप्पा," आतून उत्तर आलं. "भाऊजी, च्या ठेवू का पन्हं देऊ?"

मी पन्हं म्हटलं. भाऊंनी मोबाइल खाली ठेवला, चेहरा उतरला. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.