ब्रह्मदेवाच्या शेजारी पारशी

फिनिक्स, ॲरिझोना

ती. बाबांना शि. सा. न.

आई सुखरूप आहे. आम्हीही आहोत, फक्त तुमचे जावई जरा गप्प गप्प असतात. गुडघ्याचं निमित्त सांगून तुम्ही सांगलीतच राहिलात, ते किती धोरणी होतात हे पुढे वाचून कळेलच.

ग्रँड कॅन्यन ही मोठी दरी आहे, बघून येऊ, एवढंच आम्ही आईला सांगितलं होतं. घोळ धाकट्यानं घातला. नकाशा बघता बघता विचारतो, "आजी, विष्णू टेम्पल म्हणजे आपलंच ना?" झालं! सहलीची यात्रा झाली. चारही चाकांखाली लिंबं आली. कूलरमधून कोल्ड्रिंक बाहेर आणि फ्रोझन उकडीचे मोदक आत, कारण वाटेत संकष्टी येत होती. पेट्रोल भरून निघालो तरी "गणपती बाप्पा", आणि मागच्या सीटवरून "मोरया" दमात आलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून.

ही देवळं म्हणजे दरीतून वर आलेले तांबडे डोंगर. पुजारी नाही, रांग नाही, चपला सांभाळायच्या नाहीत. कॅप्टन डटन नावाचा भूगर्भशास्त्रज्ञ 1880 च्या सुमारास इथे हिंडला आणि त्यानं विष्णू, शिव अशी नावं देऊन टाकली. मग इतरांनी ब्रह्मा, बुद्ध, राम, कृष्ण सगळ्यांची सोय लावली. एरवी ब्रह्मदेवाला देऊळ म्हटलं की पुष्कर आठवतं. इथे ऐसपैस जागा मिळाली आहे आणि अगदी शेजारी जरथुष्ट्र. आई खूश. "पारशी शेजार! आता काळजी नाही." पण होपी लोकांचे पूर्वज याच दरीतून वर या जगात आले असं ते मानतात, हे कळल्यावर तिनं डटनसाहेबांचे मार्क कापले. "ज्यांचं घर त्यांना विचारून पाटी लावावी," म्हणाली. मला पटलं.

शिवाच्या डोंगराची तर गंमतच आहे. माथा चहूबाजूंनी तुटलेला, म्हणून वर निराळेच प्राणी निपजले असतील या आशेनं 1937 साली न्यूयॉर्कच्या म्युझियमचे शास्त्रज्ञ वर चढले. हाती काय लागलं, तर नेहमीचेच उंदीर आणि खारी. मी हे वाचून दाखवल्यावर आई शांतपणे म्हणाली, "मग? बापाच्या घरी गणपती येणार तो चालत येईल का?"

नैवेद्याचा प्रसंग मात्र बाका होता. आईनं कठड्यापाशी खडीसाखरेची डबी उघडली आणि एक गुबगुबीत खार थेट पायाशी. इथे खारींना खायला घालायची सक्त मनाई आहे, त्या चावतात आणि दंड होतो तो वेगळाच. जावई घाईघाईनं हे सांगायला लागले, पण आई खाली वाकून तिची पाठ न्याहाळत होती. "हिच्या अंगावर रामाची बोटं नाहीत," असा निर्वाळा देऊन तिनं डबी बंद केली. नियम पाळला गेला, कारण वेगळं होतं इतकंच. पुढे मानसपूजा केली.

तळाशी जो काळपट खडक आहे त्याचंही नाव विष्णूच, वय सुमारे 175 कोटी वर्षं. "शेषशायी तो, तळाशीच असायचा," आई म्हणाली. थोरलीनं लगेच मोबाइलवर हिशोब मांडला. ब्रह्मदेवाचा दिवस 432 कोटी वर्षांचा. तो बारा तासांचा धरला तर हा खडक जेमतेम पाच तासांचा, म्हणजे सकाळच्या चहापासून जेवणापर्यंतचा. आणि कोलोरॅडो नदीनं पन्नास-साठ लाख वर्षांत ही दीड किलोमीटरहून खोल दरी कोरली, त्याला लागलं एक मिनिट! आई म्हणाली, "एका मिनिटात? आपल्या गल्लीतलं गटार कधीचं खणताहेत, ते विचार बाबांना."

संकष्टी आली ती मॉन्युमेंट व्हॅलीत, नावाहो लोकांच्या मुलखात. ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाहीत, नावाहो करतात, आणि त्यांच्या मुलखाच्या पोटात होपींचा मुलूख आहे तिथे पुन्हा करत नाहीत. त्यामुळे फोनमध्ये नऊ, गाडीत आठ आणि आईच्या मनगटावर सांगली. जावई भुकेनं कासावीस होऊन म्हणाले, "आई, सांगलीत पंचमीची सकाळ झाली, सोडा ना उपास." उत्तर मिळालं नाही, नुसती नजर मिळाली. बरं, चंद्र वेळेवर उगवलाही असेल, पण समोर हजार फुटी कडा! शेवटी गाडी काढून रस्त्यानं पुढे जात राहिलो, तेव्हा एका सुळक्यामागून तो सापडला. आईनं तिथेच रस्त्याकडेला ताम्हन काढून अर्घ्य दिलं. एक ट्रकवाला थांबून विचारून गेला की गाडी तापली आहे का, पाणी देऊ का. मोदक मोटेलच्या मायक्रोवेव्हमध्ये गरम केले. दोन फुटले, ते जावयांनी उभ्या उभ्या संपवले.

बाकी ठीक. गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची,
बेबी

ता. क. (आईच्या हातचं): उपास तुम्हीही धरणार होतात. बाजूच्या वहिनींचा फोन आला होता. चंद्रोदयाच्या आधी आपल्या गॅलरीत कांदाभजीचा वास कुठून येत होता, ते कळवावे.