छोटे का, बडे का, अंगूर का

ऑक्टोबरात माझ्या खालच्या दोन दाढा गेल्या. गेल्या म्हणजे काढल्या. काढणाऱ्याने हातावर गोळ्यांची पुडी ठेवली आणि म्हणाला, “दोन महिने मऊ खा, काका.” मऊ म्हटलं की आपल्याकडे एकच पदार्थ डोळ्यांपुढे येतो. पंधरा दिवस गुरगुट्या भात आणि मेतकूट खाल्ल्यावर मी शेजारी मटण शिजलं की खिडकी लावून घेऊ लागलो.

अशा हळव्या दिवसांत बातमी आली, की युनेस्कोने लखनौला खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून आपल्या यादीत घातलं. तारीख 31 ऑक्टोबर 2025. बातमीखाली गलावटी कबाबाची कथा होती. नवाबाचे दात पडले, पण कबाबाची हौस पडेना. तेव्हा खानसाम्याने खिमा इतका बारीक वाटला आणि त्याला कच्च्या पपईने असा मऊ केला की दातांचं कामच उरलं नाही. नवाब कोणता, यावर मतभेद आहेत. कोणी आसफउद्दौला म्हणतो, कोणी वाजिद अली शहा. दात पडले होते यावर मात्र एकमत आहे. मऊ खाणाऱ्यांची इतकी काळजी वाहणारं एक शहर जगात आहे आणि तिथे माझी सख्खी आत्या राहते, हे दोन्ही मला एकदमच आठवलं. आत्याची आठवण बारा वर्षांनी आली, हे बायकोने लगेच निदर्शनास आणून दिलं.

त्यात मुलाने बंगळुरूहून फोनवर भर घातली. “बाबा, कबाबाबरोबर रेड वाईन घ्या. तुम्ही नाशिकचे, तुम्हाला काय सांगायचं!”

हे एक दुखणंच आहे. नाशिकचा म्हटल्यावर परका माणूस दोन गोष्टी विचारतो, रामकुंड आणि वाईन. रामकुंडावर मी गेलेलो आहे. गंगापूर धरणाच्या रस्त्याला द्राक्षाचे मळे आणि वायनऱ्या 1990च्या दशकाच्या अखेरीपासून उभ्या राहिल्या, 2001 साली सरकारने त्यांच्यासाठी वेगळं धोरण आणलं, दर शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग माझ्या घरावरून तिकडे जाते. आणि मी त्या रांगेला शिव्या देत दूध आणायला रस्ता ओलांडतो. माझ्या दारापासून सगळ्यात जवळची वायनरी बारा किलोमीटरवर आहे. तिथे मी कधी गेलो नाही. जवळच आहे, केव्हाही जाता येईल, म्हणून.

डिसेंबरात पुष्पकने निघालो. बाराशे किलोमीटर. आत्यासाठी कोंडाजीचा चिवडा घेतला. वाईनची बाटलीही घ्यावी असं मनात आलं होतं, पण रेल्वेत दारू नेऊ नये म्हणतात आणि बायको नियमाची पक्की. शिवाय लखनौसारख्या शहरात वाईन मिळणार नाही का!

लखनौला मराठी माणूस पूर्वी दोनच कारणांनी जाई, गाण्यासाठी किंवा रेल्वेसाठी. गाण्यासाठी म्हणजे भातखंडे यांनी 1926 साली तिथे मॅरिस कॉलेज काढलं, रातंजनकरांनी ते पुढे कित्येक वर्षं चालवलं, आज त्याचं विद्यापीठ झालंय. आमचे आतोबा दुसऱ्या गटातले. रेल्वेचं संशोधन जिथे चालतं त्या आरडीएसओमध्ये मानकनगरला लागले आणि निवृत्त होऊन तिथेच राहिले. ते गेले, आत्या उरली. चाळीस वर्षांच्या वर त्या शहरात आहे, आणि घरात शिरताच हिंगाच्या फोडणीचा वास आला.

“आत्या, टुंडे कबाब कुठे चांगला मिळतो?” मी पाया पडता पडताच विचारलं.

“मला काय माहीत? मी कांदासुद्धा चतुर्मास सोडूनच खाते,” आत्या म्हणाली. युनेस्कोचं सांगितल्यावर तिने विचारलं, “त्यांना वरण करता येतं का?”

मदतीला आला आत्तेभाऊ. हा लखनौतच वाढलेला. त्याचं मराठी ऐकताना आपण पेशव्यांच्या वकिलाशी बोलतोय असं वाटतं. “दादा, आपण आधी स्नान करून घ्या, मग न्याहारी फर्मावा. वहिनींनी तकल्लुफ करू नये.” तकल्लुफ म्हणजे काय ते न कळल्यामुळे बायकोने तो केला नाही आणि चार पोळ्या खाल्ल्या.

संध्याकाळी अमीनाबाद. हाजी मुराद अली या एका हाताच्या माणसाने 1905 साली चौकात कबाबाचं दुकान काढलं. हात नसलेला म्हणून टुंडे, आणि टुंडेंचे म्हणून टुंडे कबाब. माणसाचं व्यंग दुकानाची पाटी होऊन शंभर वर्षं टिकलं. अमीनाबादची शाखा पुढची. तिथला तवा मी दहा मिनिटं नुसता बघत उभा होतो. तवा कसला, परातच; मधे तुपाचं तळं, काठावर कबाब. कारागीर बाजूच्या ढिगातून खिम्याचा गोळा बोटांनी उचलतो आणि तव्यावर असा टेकवतो, जसं आपल्याकडे आजी बाळाच्या टाळूवर तेल टेकवते. दाबत नाही, थापत नाही. दाबला तर मोडेल. उलटतानाही तो उलथण्याने कबाबाला आधी विचारतो आहे असं वाटतं.

कबाब तोंडात ठेवला आणि जिभेने शोधू लागलो, कुठे गेला? लवंग होती, थोडा धूर होता, तूप होतं. मांस होतं अशी फक्त आठवण राहिली. मसाले एकशे साठ घालतात म्हणे. मला एक लवंग ओळखता आली, बाकीच्या एकशे एकोणसाठांना मी नुसता नमस्कार केला. आमच्याकडे मटण म्हणजे माणूस आणि बोकड यांच्यातला उघड सामना असतो. इथे बोकड सामना सोडून निघून गेला होता. दाढा नसल्याचं पहिल्यांदाच काही वाटलं नाही. दुसरी प्लेट मागवली. बायकोचा गुरुवार होता. ती समोर कोरडा पराठा तोडत माझ्याकडे बघत होती, पण नंतर जवळच्या प्रकाश कुल्फीत तिने सगळं वसूल केलं. फालुद्यासकट दोन. थंडी बारा अंश.

दुसऱ्या दिवशी पहाटे आत्तेभावाने चौकात नेलं. निहारी हा सकाळचाच पदार्थ, नावातच सकाळ आहे. रात्रभर मंद आचेवर शिजतो आणि कुलच्याबरोबर खातात. चांगल्या खाण्यासाठी पहाटे साडेपाचला उठणारं शहर मी दुसरं पाहिलेलं नाही. एका गल्लीत छोट्याशा दुकानासमोर उभे राहिलो. डेगीमागच्या चाचांनी विचारलं, “छोटे का, या बडे का?”

मला वाटलं, हाफ की फुल. पहाटेचा उठलेलो, भूक सणकून लागलेली. मी रुबाबात म्हटलं, “बडे का! दो!”

आत्तेभावाने बाही ओढली. कानात सांगितलं, छोटे म्हणजे बकरा, बडे म्हणजे म्हैस. मी तिथल्या तिथे घामाघूम. आता हे माघारी कसं घ्यायचं? आपल्याकडे वडापाववाल्याला “एक नको” म्हटलं तरी तो आपला बाप काढतो. चाचांनी मात्र वाढता हात थांबवला, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि डोळे न हलवता आत्तेभावाला म्हणाले, “जनाब पहली बार तशरीफ लाए हैं,” आणि दुसऱ्या डेगीतून छोट्याची निहारी वाढली. माझी फजिती झाली होती, पण झाली आहे हे मला घरी पोहोचल्यावर कळलं. लखनौ म्हणतात ते हेच असावं.

तिथून गोल दरवाजा. तिथे हिवाळ्यात मक्खन मलाई मिळते. दूध-साय रात्री उघड्यावर दवात ठेवायची, पहाटे घुसळून वर आलेला फेस केशर घालून विकायचा. बनारसला हिलाच मलइयो म्हणतात, दिल्लीला दौलत की चाट. ऊन चढलं की फेस बसतो आणि फेरीवाला उठतो. आम्ही निहारीत रेंगाळलो होतो. विक्रेता रिकामी परात पुसत होता. “हुजूर को आने में जरा देर हो गई,” तो म्हणाला. म्हणजे संपली. एवढं गोड ऐकून मी थांबून राहिलो. आत्तेभावाला सांगावं लागलं, दादा, तो नाही म्हणाला.

आता वाईन.

“वाईन शॉप” हा शब्द आपण सगळ्यांनी मिळून खोटा ठरवलेला आहे. नाशकातसुद्धा वाईन शॉपमध्ये सगळ्यात मागच्या फळीवर, धुळीत जी असते, ती वाईन. लखनौत रस्त्यारस्त्यावर कंपोझिट शॉपच्या, म्हणजे दारूच्या दुकानांच्या, पाट्या होत्या. जाळीच्या खिडकीपाशी गेलो.

“वाइन है?”

“सब वाइन ही है. व्हिस्की दूँ या रम?”

“नहीं, अंगूर वाली.”

त्याने माझ्याकडे, मग माझ्या मफलरकडे बघितलं. आवाज खाली आणून आपुलकीने विचारलं, “तबीयत के लिए चाहिए?” मागे उभा असलेला गिऱ्हाईक म्हणाला, “चचा, सर्दी में रम फायदा करेगी.” रांगेतल्या चौघांनी माझ्या प्रकृतीवर चर्चा केली. शेवटी मालकाने आतून एक बाटली आणली, पण ती मे-जूनपासून पत्र्याखाली उभी असावी. वाईन उन्हात शिजते, एवढं नाशकात राहून ऐकलेलं होतं. तेवढ्या एकाच ज्ञानाच्या जोरावर मी ती परत केली आणि विद्वान चेहऱ्याने निघालो.

आणि मिळती तरी प्यायची कुठे? कबाबाच्या दुकानात चालणार नाही, आत्याच्या घरात तर मेलो तरी नाही. तेव्हा तिसऱ्या संध्याकाळी हजरतगंजच्या बाजूच्या एका मोठ्या हॉटेलात गेलो. गंजात हिंडण्याला लखनौवाले ‘गंजिंग’ म्हणतात. बायकोने आधी रॉयल कॅफेत बास्केट चाट खाल्ली, तळलेल्या बटाट्याची टोपली, तिच्यात टिक्की, दही, डाळिंबाचे दाणे, आणि शेवटी टोपलीही खायची. “भांडी घासायला नकोत,” हे तिचं परीक्षण.

हॉटेलात कबाब आले तीन. प्रत्येकाला प्लेटीत इतकी जागा होती की सातबारा निघाला असता. मी बेअरर्‌ला म्हटलं, रेड वाईन, कबाबाबरोबर जाईल अशी, बेस्ट. तो वाकला, गेला, आणि तान्हं मूल आणावं तशी पांढऱ्या फडक्यात बाटली घेऊन आला.

“सर, ये खास है. वहाँ की मिट्टी में ही बात है. रात को ठंड, दिन में धूप. दुनिया में अंगूर सितंबर में तोडते हैं, वहाँ जनवरी से मार्च तक.”

“कहाँ?” मी भारावून विचारलं.

त्याने बाटली फिरवून लेबलावरचा पत्ता दाखवला. तालुका दिंडोरी, जिल्हा नाशिक.

दिंडोरी! माझा मेव्हणा दिंडोरीत ग्रामसेवक आहे. त्या मातीत जी काय बात आहे ती गेल्या पावसाळ्यापासून माझ्या बुटांना चिकटलेली आहे. बायको हसू दाबायला पदर शोधत होती, पण ती ड्रेसवर होती. बेअरर् मला त्या मातीचं वर्णन करून सांगत राहिला आणि मी “अच्छा? अच्छा?” करत राहिलो. त्याचा हिरमोड करावासा वाटेना. लखनौत दोन दिवस राहिल्याचा परिणाम असेल. बिलात मात्र नाशकात तीन बाटल्या आल्या असत्या.

रात्री आत्तेभावाला हे सांगितलं, तर तो अजिबात हसला नाही. म्हणाला, यात नवल काय? शरर यांनी जुन्या लखनौवर लिहिलंय, त्यात आहे: वाजिद अली शहांनी दिल्लीच्या एका शहजाद्याला मुरंबा वाढला, तो निघाला कोर्मा. शहजाद्याने मग उलट मेजवानी दिली, तिच्यात पुलाव, कबाब, रोट्या, लोणची, सगळं साखरेचं. “दादा, या शहरात जे दिसतं ते ताटात नसतं. तुम्हाला परदेशी दिसली, घरची निघाली. आपला तर सन्मान झाला.”

निघताना कळलं, की आत्याने आम्ही बाहेर असताना काळ्या गाजराचा हलवा केला होता. हे काळं गाजर लखनौत हिवाळ्यातच मिळतं, हलवा जवळजवळ जांभळा होतो. तीन दिवस मी शहरभर खात फिरलो, आणि सगळ्यात जास्त वेळा ताट पुढे केलं ते या हलव्यासाठी. दाढांची गरज यालाही पडली नाही. “एवढी वर्षं करते,” आत्या म्हणाली, “तू आलास कधी?”

फेब्रुवारीत आत्तेभाऊ नाशकाला आला. लखनौहून निघतानाच त्याचा निरोप होता: द्राक्षांची तोडणी चालू असेल, वायनरी दाखवावी. मी यजमान. रिक्षा केली, रुबाबात “गंगापूर रोड” म्हटलं, आणि धरणाच्या अलीकडे कुठे वळायचं ते मला कळेना. रिक्षावाला म्हणाला, “काका, तुम्ही बाहेरगावचे का?” रस्ता शेवटी आत्तेभावाने मोबाइलवर काढला.

मळ्याकडे तोंड करून बसलो. एप्रन घातलेल्या मुलाने पाच ग्लास मांडले, प्रत्येकात दोन घोट. ग्लास दांड्याला धरायचा, फिरवायचा, हुंगायचा, मग घोट. शेनिन ब्लां का असंच काहीतरी. “सर, काय लागतंय? पेरू? लिंबू? ओलं गवत?” मला गवत लागत होतं, पण ते खिडकीतून येत असावं. आत्तेभावाने डोळे मिटून घोट घेतला, थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “माशाल्ला, पण बरोबर काहीतरी हवं होतं.” आणि पिशवीतून आत्याने माझ्यासाठी पाठवलेला लखनौच्या रेवड्यांचा डबा काढला.

एप्रनवाला पोरगा आमच्याकडे बघत राहिला. मी रेवडी तोंडात टाकली, डाव्या बाजूला नेली, कारण उजवीकडे दाढा नाहीत, आणि वरून वाईनचा घोट घेतला. तीळ, गूळ, आंबट द्राक्ष. वाईट नव्हतं. खरं तर बरंच चांगलं होतं.

“यांच्याबरोबर कोणती जास्त जाईल?” मी डबा पुढे करत विचारलं.

मुलाने आजूबाजूला पाहिलं, एक रेवडी उचलली आणि सहावा ग्लास आणायला आत गेला.