चर्चपासून एक मैल

आमचे नागपूरचे साडू मुंबईला आले की पहिल्याच चहाला जाहीर करतात, "गेटवे पाहून झाला, राणीची बाग पाहून झाली, म्हातारीचा बूटही झाला. आता कोणी पाहत नाही असं काही दाखवा." मुंबईत असं पुष्कळ आहे. अडचण एवढीच की या शहरात ऐतिहासिक वस्तू रिकामी पडून राहत नाही. कुठल्याही जुन्या दगडापाशी जा, तिथे कोणी तरी आधीच टेकलेलं असतं, नाही तर फाइल उघडून बसलेलं असतं. इतिहास बघायचा तर आधी त्या माणसाला "जरा सरकता का?" म्हणावं लागतं.

सकाळी गर्दीच्या वेळी चर्चगेटला उतरलो. उतरलो म्हणजे उतरवले गेलो. बाहेर आल्यावर साडूभाऊंनी शर्टाची बटणं मोजून घेतली आणि चौफेर नजर फिरवली.

"चर्च कुठं आहे जी?"

"इथे नाही. पंधरा मिनिटं चालावं लागेल."

"अन् गेट?"

"पाडलं. 1860 च्या दशकात."

"मग स्टेशनाले हे नाव काहून देल्लं?"

मुंबईकराला असे प्रश्न पडत नाहीत. पडले तर त्याची लोकल चुकते. पण पाहुण्याला उत्तर देणं भाग होतं. इथे एके काळी इंग्रजांचा कोट होता आणि त्याला तीन दरवाजे होते: अपोलो गेट, बझार गेट आणि चर्चकडे जाणारं चर्च गेट. गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात तटबंदी पाडली आणि दरवाजांबरोबर कोटही गेला. तरी आजही अर्धी मुंबई रोज सकाळी "फोर्टात" कामाला जाते. साडूभाऊंनी हे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "म्हणजे तुम्ही नसलेल्या किल्ल्यात नोकरी करता?"

पहिला मुक्काम भिखा बेहराम विहीर. क्रॉस मैदानाच्या कडेला, वाहनांच्या गोंगाटात, ही 1725 सालची विहीर आहे. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना पाणी गोड, म्हणून पारशी मंडळी तिला फार मानतात. आत फक्त पारशांनाच प्रवेश, तशी पाटीच आहे. आम्ही कठड्याबाहेरून माना उंच करून जेवढं दिसलं तेवढं पाहिलं.

"पहिल्याच ठिकाणी प्रवेशबंदी," साडूभाऊ म्हणाले. "सुरुवात चांगली आहे."

मी त्यांना विहिरीची हकिगत सांगितली. भिखाजी बेहरामजी पांडे भरूचहून मुंबईला येत असताना वाटेत मराठ्यांच्या फौजेने त्यांना हेर समजून अडकवून ठेवलं. अंगातला सदरा आणि कमरेची कस्ती दाखवून आपण पारशी असल्याची खात्री पटवल्यावर सुटका झाली, असं सांगतात. पुढे मुंबईत त्यांनी ही विहीर खणली.

"पकडणारे आपले?"

"आपलेच."

साडूभाऊंनी पाटीकडे पुन्हा एकदा पाहिलं. "मग बरोबर आहे. बाहेरच थांबू."

तिथून फ्लोरा फाउंटनला वळसा घालून सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये गेलो. चर्च गेटमधलं चर्च ते हेच. या चर्चवर माझा जीव आहे आणि त्याला धार्मिक कारण मुळीच नाही. मुंबईतलं रखडलेल्या बांधकामांचं हे मूळपीठ आहे. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिएने 1676 मध्ये पायाभरणी केली, दुसऱ्या वर्षी तो वारला आणि काम बंद पडलं. पुढे चाळीसेक वर्षं नुसत्या भिंती उभ्या होत्या. मग रिचर्ड कॉब नावाच्या पाद्र्याने पाठपुरावा केला, लोकांकडून वर्गणी जमवली आणि 1718 च्या नाताळात चर्च उघडलं. साहेब मुंबईच्या पाण्याशी किती लवकर समरस झाला होता ते बघा: पायाभरणी झटपट, काम यथावकाश, आणि शेवटी वर्गणी.

छत तोफगोळ्यालाही दाद देणार नाही असं बांधलेलं. आत गारवा आणि शांतता. फोर्टात फुकट मिळणाऱ्या या दोन गोष्टी अनुभवायला बहुतेक एवढीच जागा उरली असावी. मागच्या बाकावर गळ्यात ओळखपत्र अडकवलेले एक गृहस्थ डोळे मिटून बसले होते. प्रार्थना की डुलकी, हे ठरवणं आमचं काम नव्हतं. भिंतीभर संगमरवरी स्मारकं आहेत. साडूभाऊ मृतांची वयं वाचत चालले. कोणी पंचविशीत गेलेला, कोणी तिशीत. त्या काळी इंग्रज आपापसात म्हणत की इथे माणूस दोन पावसाळे टिकतो. हे मी सांगताच त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं.

"अन् तुम्ही कसे टिकले?"

"भाडं परवडेना म्हणून डोंबिवलीला गेलो."

आता कोट पाडला असला तरी त्याचा एक तुकडा शिल्लक आहे, आणि तो सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात आहे. 1769 मध्ये बांधलेल्या फोर्ट जॉर्जचा हा अवशेष. रुग्णालयाच्या आवारात हातात डबा नसलेला माणूस उठून दिसतो. एका झाडाखाली नऊवारीतल्या आजी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी आमच्या मोकळ्या हातांकडे पाहिलं आणि मायेने विचारलं, "तुमचं कोण आहे इथं?"

"किल्ला," साडूभाऊ म्हणाले.

आजींचा चेहरा पडला. "बरा होईल हो," त्या म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून दोन केळी काढून दिली. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

बरं वाटायला जागा होती, कारण किल्ल्याची तब्येत खरोखर ठीक आहे. जाड दगडी भिंती शाबूत आहेत आणि आत राज्याच्या पुरातत्त्व खात्याचं कार्यालय आहे. जुन्या वस्तू सांभाळणाऱ्यांनी जुन्या वस्तूतच बसावं, याहून चोख व्यवस्था मला तरी सुचत नाही. साडूभाऊ केळं सोलत म्हणाले, "आमचा सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात. तुमचा दवाखान्याच्या आवारात. ज्याचं त्याचं नशीब."

खरा मुद्दा मी शेवटी राखून ठेवला होता. इंग्रजांनी सेंट थॉमस चर्चपासून अंतर मोजून मुंबईच्या रस्त्यांवर मैलाचे दगड बसवले होते. रस्त्यांवर थरावर थर चढत गेले तसे दगड बुडत गेले; त्यांतले काही महापालिकेने अलीकडे शोधून वर काढले आहेत. पहिल्या मैलाचा दगड काळबादेवीला आहे. आता काळबादेवीला हातगाडी, हमाल, कापडाचे गठ्ठे आणि "बाजू, बाजू!" अशी आरोळी यांतून मान खाली घालून दगड शोधणं म्हणजे काय, ते तिथे जाऊनच कळतं. दोनदा आम्ही त्याच्यावरून पुढे गेलो. तिसऱ्या खेपेला दिसला, कारण त्यावर बसलेला पोऱ्या चहाचा ट्रे घेऊन उठला.

काळा, गुडघ्याएवढाही नसलेला दगड. रोमन एक म्हणून उभी रेघ आणि चर्चचं नाव. शेंदूर अजून कोणी फासलेला नव्हता.

"एवढाच?" साडूभाऊंचा नागपुरी स्वाभिमान जागा झाला. "आमच्या झिरो माइलले खांब आहे. बाजूले चार घोडे आहेत. घोडे! अन् आम्ही शून्यावर आहोत, तुम्ही एकावर. म्हणजे पहिले कोण?"

एव्हाना दोघे जण थांबले होते. मुंबईत माणूस पडला तर चार लोक थांबतात. माणूस खाली बघत उभा राहिला तर चाळीस. पाकीट पडलं का, असं एकाने विचारलं. साप आहे, असं मागून कोणी तरी ठरवलंही. समोरच्या दुकानातले शेठ गल्ला सोडून बाहेर आले आणि हळूच मला म्हणाले, "महापालिकेतून आला काय साहेब? रस्तारुंदीचं आहे का?"

"नाही जी," साडूभाऊंनी मोकळ्या आवाजात खुलासा केला, "चर्च इथून एक मैल आहे का, ते पाहून राहिलो."

गर्दीचा सुटकेचा निःश्वास ऐकू आला. बिचाऱ्यांना पत्ता हवाय! लगेच एकाने चर्चगेटला जायला सांगितलं, दुसऱ्याने माहीमला आणि तिसऱ्याने बांद्र्याच्या माउंट मेरीला. शेठ म्हणाले, मैलबिल काही नाही, टॅक्सी करा. तेवढ्यात चहावाला पोऱ्या रिकामा ट्रे घेऊन परत आला, आम्हा दोघांना कोपराने बाजूला केलं आणि आपल्या जागेवर बसला.

"आता नंबर कोणता आहे, तो दिसत नाही रे बाबा," साडूभाऊ म्हणाले.

"एक," पोऱ्या म्हणाला. "चहा द्यायचा का?"