कावळ्याचे पुढे काय झाले? : एक अल्प पाठचिकित्सा

शेणाचे घर पावसात वाहून गेलेला कावळा चिमणीच्या मेणाच्या घरी येतो, दार वाजवतो आणि चिमणी बाळाची अंघोळ, पावडर, काजळ, तीट अशा सबबी सांगत त्याला ताटकळत ठेवते. इथवर समस्त आज्यांचे एकमत आहे. मतभेद दार उघडल्यावर सुरू होतात.

ऊबवादी पंथाच्या मते कावळा चुलीपाशी बसतो, कोरडा होतो, त्याला खाऊही मिळतो. चटकावादी पंथाच्या मते चिमणी त्याला तापल्या तव्यावर बसवते आणि पुढचे सांगण्याची गरज उरत नाही.

चटकावाद्यांचा युक्तिवाद असा की आमचा पाठ कडू, म्हणून तोच खरा. हे प्रमाण तपासू. मधमाश्यांचे मेण 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळते. भाकरीचा तवा त्याच्या कितीतरी पुढे जातो. तेव्हा कावळा भाजण्याआधी घरच वाहायला हवे. सबब, कडूपणा हा खरेपणाचा पुरावा नव्हे. ऊबवाद्यांनीही हुरळून जाऊ नये. चूल त्यांच्याही पाठात पेटलेलीच आहे.

मग निवड ठरते कशावर? श्रोत्याचे डोळे मिटू लागले असतील तर ऊब, त्याने दिवसभर उच्छाद मांडला असेल तर तवा. पुरावा कोणीच मागत नाही.

हा पेच केवळ माजघरातला नव्हे. यान मार्टेल यांच्या ‘लाइफ ऑफ पाय’ (2001) या कादंबरीत 227 दिवस समुद्रात काढून मेक्सिकोच्या किनाऱ्याला लागलेला पाँडिचेरीचा मुलगा दोन जपानी अधिकाऱ्यांना दोन हकिकती सांगतो. एकीत होडीवर वाघ, दुसरीत माणसांनीच केलेले खून. अधिकाऱ्यांना वाघाची आवडते. जहाज मात्र दोन्हींत बुडते आणि घरची माणसे दोन्हींत जातात.

यावरून सिद्धान्त : दोन्ही पाठांत जे समान, तेच मूळ धरावे. कावळा शेकला की भाजला हा वाद गौण. भर पावसात त्याला दाराबाहेर उभे ठेवले, हे कोणताही पाठ नाकारत नाही.

तरी आजीबाईंनी शेवट हवा तो सांगावा. तीट लावायला वेळ किती लागतो, हे मात्र पोराने विचारलेच तर खरे सांगावे.