सरळ स्टिअरिंगचे अप्पा

रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन पाय दिसतात. बाकीचे अप्पा गाडीखाली असतात.

पुण्यात असा माणूस दर इमारतीत एक तरी निघतोच. भोसरीच्या नाहीतर पिंपरीच्या कारखान्यात हयात घालवलेला, आणि जुन्या बाजारातून आणलेले पाने तेल लावून फडक्यात गुंडाळून ठेवणारा. त्याला कंजूष म्हणणं अन्यायाचं आहे. गॅरेजवाल्याला तीनशे रुपये द्यायला नकोत म्हणून अप्पा साडेसहाशेचा पुलर विकत घेतात. आपल्या गाडीचा नट परक्या माणसाने फिरवावा हे त्यांना बघवत नाही, इतकंच.

गाडी म्हणजे मारुती ८००, १९९८ ची. हे मॉडेल १९८३ साली रस्त्यावर आलं आणि २०१४ मध्ये बनायचं बंद झालं. त्यानंतर देशात गाडी झालीच नाही, टीव्ही बसवलेले डबे झाले, असं अप्पांचं मत आहे.

तर या गाडीचं स्टिअरिंग एके दिवशी तिरकं झालं. रस्ता सरळ, गाडी सरळ आणि हातातलं चक्र डावीकडे मान टाकून. कारण सगळ्या पार्किंगला ठाऊक होतं. आदल्याच महिन्यात अप्पांनी टाय रॉडचा एंड घरीच बदलला होता. जुना काढताना तो किती आटे फिरतो ते मोजायचं आणि नवा तेवढेच आटे फिरवून बसवायचा, एवढीच त्यातली गोम. अप्पा चौदापर्यंत मोजत आले आणि काकूंनी गॅलरीतून विचारलं, "पोहे आत्ता टाकू, की तुमची आंघोळ झाल्यावर?"

दुखणं खाली होतं, तेव्हा औषधही खालीच. व्हील अलाइनमेंटवाला दोन्हीकडचे टाय रॉड थोडे थोडे फिरवतो आणि चाकं नि स्टिअरिंग एकदमच सरळ करून देतो. मी तसं सुचवून पाहिलं. "अरे, चक्र तिरकं आहे ना? मग चक्र काढायचं, सरळ बसवायचं. टोपी तिरकी झाली तर तू मान फिरवतोस का?" टोपीपुढे मी गप्प बसलो.

दुपारी अडीचला काम सुरू झालं. आधी बॅटरीची वायर सोडवायची असते, पण अप्पांना तो भित्रेपणा वाटतो. त्यांनी हॉर्नचं झाकण उपसलं, आतली वायर लोखंडाला टेकली आणि हॉर्न जो सुरू झाला तो थांबेना. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक वामकुक्षी सोडून बनियनवरच खाली आले. अप्पांनी त्यांना पाना धरायला दिला.

मधला नट पूर्ण काढायचा नसतो. सैल करून दोन-तीन आट्यांवर ठेवायचा, म्हणजे जाम बसलेलं चक्र अचानक सुटलं तरी नटाला अडतं. हे अप्पांना चांगलं माहीत होतं. दुसऱ्यांना शिकवताना ते नेहमी सांगतात. पुलर माळ्यावर होता, तो कोण काढणार? नट खिशात टाकून त्यांनी दोन्ही हातांनी चक्र धरलं, पाय रोवले आणि ओढलं. चौथ्या हिसक्याला चक्र थेट नाकावर आलं. "सुटलं!" अप्पा आतून ओरडले. नाकाबद्दल अवाक्षर नाही.

काढण्यापूर्वी चक्रावर आणि शाफ्टवर मिळून एक खूण करायची असते. अप्पांनी खडूने केलीही होती. मग स्वच्छता म्हणून शाफ्ट रॉकेलच्या फडक्याने पुसला.

आणि आता दाते. चक्र शाफ्टवर हवं तसं बसत नाही, बारीक दात्यांवर बसतं. अप्पांच्या मोजणीत ते ३६ निघाले, म्हणजे एका दात्याला दहा अंश. तिरकेपणा होता पंधरा अंशांचा. एक दाता सरकवला तर चक्र पाच अंश डावीकडे राही, दोन सरकवले तर पाच अंश उजवीकडे जाई. संध्याकाळपर्यंत अप्पांनी ते सात वेळा काढलं नि सात वेळा बसवलं. दिवेलागणीला त्यांनी उजवीकडचे पाच अंश पत्करले. इंडिकेटर मात्र आता एका बाजूला आपला आपण मिटेना. "सोय झाली. आपणच बंद करायचा, लक्ष राहतं," अप्पा म्हणाले.

मुलाच्या गाडीवरही त्यांचा डोळा आहे. १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या गाडीत चालकापुढे एअरबॅग सक्तीची झाली, ती याच्या स्टिअरिंगमध्ये आहे. मुलाने बजावलं, "बाबा, त्यात स्फोटक असतं." अप्पा म्हणाले, "आम्ही काय दिवाळीत नुसता फराळच केला?" तेव्हापासून मुलगा चावी उशीखाली ठेवून झोपतो.

शेवटी काकूंनीच हुकूम सोडला आणि आम्ही अलाइनमेंटला गेलो. तिथल्या पोऱ्याने खाली वाकून पाहिलं.

"काका, टाय रॉड कोणी खोलला होता?"

"आधीच्या मालकाने," अप्पा म्हणाले.

पोऱ्याने आत बसून चक्र या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. "आणि स्टिअरिंग?"

"त्यानेच. भारी उपद्व्यापी माणूस होता."

१९९८ साली ही गाडी शोरूममधून थेट आमच्या दारात आली, तेव्हा अप्पांनी वाटलेले पेढे मी खाल्ले होते. मागच्या सीटवर बसून मी खिडकीबाहेर बघत राहिलो.