छेदात काय धरायचं?

टक्केवारी काढायला पाचवीचं गणित पुरतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा आमच्या ऑफिसचा मासिक मुदतपालन अहवाल करून पाहावा. वेळेत झालेली कामं भागिले एकूण कामं, गुणिले शंभर. सूत्र एवढंच. पण अंशाबद्दल सहसा कुणाची तक्रार नसते. भांडणं होतात ती छेदावरून.

त्यात एक्सेल पडलं भोळं. पूर्ण झाल्याची तारीख मुदतीच्या आत असेल तर ‘वेळेत’, नाहीतर ‘उशिरा’, असं साधं इफ लावलं, की ज्या कामाला अजून कुणी हातही लावलेला नाही तेही ‘वेळेत’ ठरतं. तारखेचा रकाना रिकामा. रिकामा म्हणजे शून्य. आणि शून्य म्हणजे एक्सेलच्या पंचांगात १९०० सालच्या जानेवारीची शून्य तारीख! म्हणजे ऑफिस स्थापन व्हायच्या आधीच काम हातावेगळं. मी रिकाम्या रकान्यांसाठी वेगळी अट घातली आणि आमचा टक्का धाडकन खाली आला. दोष अर्थातच सूत्राचा.

मग सरांनी शाखांची सरासरी काढायला सांगितली. एका शाखेची दोनपैकी दोन कामं वेळेत, म्हणजे १०० टक्के. दुसरीची शंभरातली चाळीस, म्हणजे ४०. सरासरी ७०!

“सर, एकूण १०२ पैकी ४२च झालीत. ४१ टक्के.”

“अहो, मग त्या छोट्या शाखेच्या मेहनतीला काही किंमत आहे की नाही?”

तिसऱ्या शाखेकडे त्या महिन्यात काम आलंच नव्हतं. शून्याने भागायला एक्सेलने साफ नकार दिला. सर म्हणाले, “काम नाही म्हणजे उशीरही नाही. शंभर टाका.” सरासरी ८० झाली. काहीही न करता इतकी भर घालणारी शाखा विरळाच.

सरांना हसण्यात अर्थ नाही. शिस्तीसाठी नावाजलेल्या जर्मनीतली डॉइश बान ही रेल्वे सहा मिनिटांहून कमी उशीर झालेली गाडी वेळेवरच धरते, आणि रद्द झालेली गाडी वक्तशीरपणाच्या हिशेबातच घेत नाही. उशिरा धावली तर ठपका, धावलीच नाही तर सुटका! हे कळल्यावर सरांचा चेहरा उजळला. “मग आपणही रखडलेली कामं रद्द दाखवू की.”

मी मात्र हटून बसलो. सगळ्या शाखांचा अंश एकत्र, छेद एकत्र; येईल तो आकडा. आला ४१, तोही लालभडक, कारण साठच्या खाली लाल आणि नव्वदच्या वर हिरवा असा रंगांचा नियम वरून ठरून आलेला.

सर बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “तुमचंच बरोबर. आकड्याला अजिबात हात लावू नका. हिरवा तेवढा चाळीसपासून सुरू करा.”