सापडलं म्हणजे झालं?

फेब्रुवारी 2023 मध्ये जम्मूच्या रियासी भागात 59 लाख टन लिथियम खनिजाचा प्राथमिक अंदाज जाहीर झाला आणि देशाला लॉटरी लागल्यागत वाहिन्या नाचल्या. ज्या बॅटरीसाठी हे लिथियम हवं, त्याच बॅटरीत लिथियमच्या कितीतरी पट भरलेल्या ग्रॅफाइटचं नाव मात्र कुणी काढलं नाही. मध्यम आकाराच्या विजेवरच्या मोटारीत साधारण 50 किलो ग्रॅफाइट असतं, लिथियम 10 किलोच्या आत. पण ग्रॅफाइट म्हटलं की आपल्याला शिसपेन्सिलच आठवते.

आपलं सगळं लक्ष जमिनीत काय दडलंय याकडे. ग्रॅफाइटचा खेळ जमिनीवरचा आहे. पोलादाच्या भट्टीला लागणारा ग्रॅफाइटचा इलेक्ट्रोडच घ्या, तो कुठल्याही खाणीत मिळत नाही. पेट्रोलियमपासून काढलेला नीडल कोक दळायचा, त्यात डांबराचं पिच मिसळून गरम लगद्याचे दंडगोल दाबून काढायचे, ते भट्टीत सावकाश भाजायचे. भाजताना पडलेली भोकं भरायला पुन्हा पिच मुरवायचं, पुन्हा भाजायचं. मग त्यातून जबरदस्त वीज सोडून 2800 अंशांच्या पुढे तापवायचं, तेव्हा कुठे कार्बनचे थर एका ओळीत बसतात. या सगळ्यात काही महिने जातात. विजेने तापवून ग्रॅफाइट करण्याची ही रीत एडवर्ड ॲचेसन यांनी 1896 च्या सुमारास पेटंट केली, आणि मूळ कल्पना अजून तीच आहे.

तयार इलेक्ट्रोड माणसाच्या उंचीहून लांब आणि कवेत जेमतेम मावेल एवढा जाड. दोन्ही टोकांना आट्यांची खाच असते. भट्टीत खालचं टोक झिजत जातं, तसा क्रेनने वरून नवा आणून निपलवर, म्हणजे आट्यांच्या जोडखुंटीवर, पिळून बसवतात. लोखंड वितळवणाऱ्या विजेच्या ठिणगीत दुसरा कुठला पदार्थ परवडेल अशा भावात टिकत नाही. भंगारातून पोलाद करणारी आर्क भट्टी याच्यावाचून एक दिवस चालणार नाही.

हे काम आपल्याला येतं, हे मी अभिमानाने सांगतो. भोपाळजवळ मंडीदीपला, दुर्गापूरला आणि आपल्या नाशिकच्या सातपूरला इलेक्ट्रोड बनत आले आहेत. 2017 मध्ये चीनने प्रदूषण करणारे कारखाने बंद केले, इलेक्ट्रोडचे भाव काही महिन्यांत कित्येक पट चढले आणि या कंपन्यांची नावं मराठी घराघरांत पोचली. पण कशामुळे? शेअरच्या टिपांमुळे. भाव उतरले, शेअर पडले, आणि विषय संपला. कारखान्यात काय बनतं हे तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं.

डिसेंबर 2023 पासून चीनने ग्रॅफाइटच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. बॅटरीच्या ॲनोडला, म्हणजे तिच्या ग्रॅफाइटच्या टोकाला, लागणारा जगातला बहुतांश माल तिथूनच येतो. आपल्या सरकारने त्याच वर्षी 30 महत्त्वाच्या खनिजांची यादी काढली, त्यात ग्रॅफाइट आहे. खाणपट्ट्यांचे लिलावही निघाले. यादी हवीच होती. पण खाणीतलं ग्रॅफाइट जसंच्या तसं बॅटरीत जात नाही. त्याचे कण गोल करावे लागतात, त्यात निम्म्याहून अधिक माल भुकटी होऊन बाजूला पडतो. मग 99.95 टक्क्यांपर्यंत शुद्धीकरण, आणि त्यासाठी सर्रास हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरतात, जे हाडापर्यंत पोचतं. ते सांडपाणी कुठे जाणार? कारखान्याशेजारच्या गावाने हे आधी विचारलं तर त्याला विकासाचा शत्रू म्हणू नका. पिचच्या वाफेत काम करणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांची तपासणीही खर्चाच्या हिशेबात पहिल्या दिवसापासून धरा.

एका टनाला हजारो युनिट वीज खाणारा हा धंदा विजेच्या दरावर जगतो किंवा मरतो. नीडल कोक मोठ्या प्रमाणावर बाहेरून येतो. देवासजवळ ॲनोडचा कारखाना उभारायचं पाऊल उचललं गेलं आहे, त्याला माझा मनापासून पाठिंबा आहे. पुढच्या खेपेला मंत्री खनिजसाठ्याचा आकडा सांगतील तेव्हा पत्रकारांनी एवढंच विचारावं: शुद्धीकरण कुठे, वीज कुठल्या दराने, आणि कोक कुणाचा?